छायाभार परिषदेचे अध्यक्ष

बँकेने माझी नागपूरहून कोलकात्याला बदली केली, तेव्हा डमडमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर ‘देवस्थळी’ अशी मराठी पाटी बघून मी हरखून गेले. सामान लावायचं टाकून आधी त्यांच्या दारात उभी राहिले आणि दार उघडल्याबरोबर पाया पडायला वाकले. ते गृहस्थ झटकन मागे सरले. चेहरा असा, की घासात केस निघाला असावा.

‘‘उभ्या राहा बाई,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या पायांशी काही मिळत नाही.’’

मागून त्यांच्या पत्नी, शकुनकाकू आल्या. ‘‘मनावर घेऊ नकोस गं. हल्ली यांना नमस्काराचीच शिसारी आलीय. मेट्रोच्या जिन्यात, भाजीच्या गाड्यावर, अनोळखी माणसं येऊन पायांवर डोकं ठेवतात. का ते आम्हालाही कळत नाहीये.’’

मलाही कळलं नाही. निवृत्त प्राध्यापक, तेही तर्कशास्त्राचे. अशा माणसाच्या पायांवर कोण कशाला डोकं ठेवेल?

श्यामकांत देवस्थळींचे वडील फोर्ट विल्यममधल्या लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरीला होते. ते निवृत्त होऊन सांगलीला परतले, मुलगा मात्र इथेच राहिला. उत्तर कोलकात्याच्या एका जुन्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागला. काकांचं बंगाली इतकं साफ की मासळीवालासुद्धा त्यांना परका समजत नाही. फक्त ते मासळी घेत नाहीत, याचं त्याला नवल वाटतं.

कॉलेजात त्यांचा जीव गुदमरायचा तो सहकाऱ्यांमुळे. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक शनीची अंगठी घालून प्रयोगशाळेत शिरायचे. परीक्षेच्या दिवसांत मुलं मंतरलेली पेनं विकत आणायची. देवस्थळींनी पुष्कळ वर्षं वाद घातले. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि अंगठी होती तिथेच ठेवायचे. शेवटी ते वैतागले. वाद घालून काही होत नाही, आता यांच्याहून मोठं खोटं बोलून दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं.

त्यातून छायाभार परिषद निघाली. सिद्धांत असा, की माणसाच्या सावलीला वजन असतं. पुरावा? संध्याकाळी सावली लांब होते, म्हणून माणूस थकतो. दुपारी बारा वाजता ती पायाखाली जाते, म्हणून पोट हलकं वाटून भूक लागते. असल्या गोष्टी निबंधासारख्या लिहून, टाय बांधून, अगदी गंभीर चेहऱ्याने वाचायच्या. शनिवारी दुपारी वर्ग खचाखच भरायचा. शकुनकाकू घरी कणीक तिंबता तिंबता नवनवीन सिद्धांत रचून द्यायच्या. पावसाळ्यात ऊन नसतं, सावली नाही म्हणून माणूस हलका होतो, म्हणून तर तो पुरात वाहून जातो, हा त्यांचा. सुईची सावली सगळ्यात बारीक, म्हणून सगळ्यात जड, म्हणूनच सुई टोचते, हाही त्यांचाच.

पण हा झाला पहिला तास. दुसरा तास चिरफाडीचा. आत्ताच वाचलेल्या निबंधातली खोट मुलांनी शोधायची. कुठे कारण आणि योगायोग यांची गल्लत झाली, कुठे सोयीची उदाहरणं घेतली आणि गैरसोयीची टाकली. ज्याला पहिली खोट सापडेल त्याला सर कोपऱ्यावरची गरम भजी खिलवायचे. सगळी परिषद होती ती या दुसऱ्या तासासाठी. त्यात सगळ्यांत तरबेज होता शंतनु हालदार नावाचा मुलगा. निबंध अर्धा वाचून व्हायच्या आत त्याचा हात वर.

एकदा एका वाहिनीचे लोक मुलाखतीला आले. देवस्थळी कॅमेऱ्यासमोर बसले आणि शेवटपर्यंत चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही. काकू दाराआडून खुणा करत होत्या, आता तरी हसा. ते हसले नाहीत. नंतर म्हणाले, हसलो की विनोद मेला. चिरफाडीचा तास वाहिनीने दाखवलाच नाही. मग सर निवृत्त झाले, परिषद बंद पडली आणि लोक ती विसरले. निदान त्यांना तसं वाटत होतं.

मी राहायला आले त्याच हिवाळ्यात आमच्या शाखेतल्या सुमितने मला एक व्हिडिओ पाठवला. ‘प्राचीन छायाविज्ञान’, वर बासरीचं संगीत, आणि खाली काळ्याभोर केसांचे देवस्थळी काका! तीच मुलाखत, कापूनछाटून. शेवटी हावड्यातल्या ‘छायामुक्ती केंद्रा’चा पत्ता आणि एका गोऱ्यागोमट्या, भगव्या कुर्त्यातल्या माणसाचा फोटो: शंतनु हालदार, आचार्य देवस्थळींचे पट्टशिष्य.

मी फोन घेऊन खाली गेले. काकांनी तो व्हिडिओ पाहिला, पुन्हा पाहिला.

‘‘शंतनु?’’ ते म्हणाले. ‘‘अहो, हा तर सगळ्यांत हुशार होता.’’

त्यांनी एकट्याने जाऊ नये म्हणून काकूंनी मला बरोबर धाडलं. मेट्रोने येऊन आम्ही फेरीबोटीने नदीपलीकडे हावड्याला उतरलो. लेथच्या कारखान्यांमागे एक गल्ली, तिथे लग्नाच्या हॉलचा वरचा मजला. जिन्यातच वास आला. धूप, मोहरीचं तेल, आणि त्यांच्या खालून येणारा आणखी एक वास, जो धुपाने झाकला जात नव्हता.

आत भिंतीवर पांढऱ्या चादरी ताणलेल्या. माणसांना दिव्यासमोर उभं करून त्यांच्या सावल्या चादरीवर पाडलेल्या. एका म्हाताऱ्याच्या सावलीच्या पोटावरून एक मुलगी केरसुणी फिरवत होती. एका बाईच्या छातीच्या सावलीवर मिठाची पुरचुंडी दाबून धरली होती. बाई डोळे मिटून उभी, आणि पदराखालची गाठ मला इतक्या लांबूनही दिसत होती. तिला दवाखान्यात न्यायचं सोडून ते तिच्या सावलीला मीठ लावत होते.

समोरच्या भिंतीवर काकांचा मोठा फोटो होता. त्याला झेंडूचा हार.

‘‘मी गेलो की काय?’’ काका मराठीत पुटपुटले.

तेवढ्यात कोणीतरी त्यांना ओळखलं आणि झुंबड उडाली. पायांवर हात, डोकी, तेलकट केस. ते खांबाला टेकून उभे राहिले. गर्दीच्या कडेला खुर्चीत एक वयस्कर बाई बसल्या होत्या, नीटनेटक्या, चष्मा लावलेल्या, सुती साडीतल्या. पायाला फडक्यांचा गठ्ठा बांधलेला. त्यांना वाकता येईना, म्हणून त्यांनी काकांचा हात ओढून घेतला आणि कपाळाला लावला. तो वास त्यांच्या पायातून येत होता.

‘‘पायाला काय झालंय?’’ काकांनी विचारलं.

‘‘जखम चिघळलीय, सर. मला साखरेचा आजार. पण आता बरं वाटेल. इन्सुलिन सोडलंय मी.’’

‘‘सोडलं? का?’’

‘‘सुईची सावली सगळ्यात जड असते ना,’’ बाई विश्वासाने म्हणाल्या. ‘‘तुमचंच वाक्य.’’

त्यांचं नाव कादंबरी सान्याल. हावड्यातल्याच मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता.

एवढ्यात शंतनु आला. त्याने सर्वांदेखत साष्टांग नमस्कार घातला आणि आम्हाला आतल्या खोलीत नेलं. एसी, चामड्याचा सोफा, चहा, बंगाली मिठाई.

‘‘हे काय चालवलंयस?’’ काकांनी विचारलं.

‘‘तुमचंच काम पुढे नेतोय, सर.’’

‘‘तुला पहिल्या वाक्यात खोट सापडायची. तुला माहीत आहे हे सगळं खोटं आहे.’’

‘‘मला माहीत आहे,’’ तो शांतपणे म्हणाला. ‘‘म्हणून तर मी हे चालवू शकतो. दुसऱ्या तासाला किती मुलं थांबायची आठवतं? पहिल्या तासाला वर्गात उभं राहायला जागा नसायची आणि मग निम्मी मुलं उठून जायची. तुम्ही भज्यांचं आमिष दाखवायचात तरी जायची. मी त्या उठून जाणाऱ्यांसाठी केंद्र काढलंय. बसा ना. मानद अध्यक्ष म्हणून तुमचं नाव आहेच बोर्डावर.’’

काकांनी चहाला हात लावला नाही. ते तडक बाहेर हॉलमध्ये गेले आणि त्यांच्या त्या वर्गातल्या खणखणीत बंगालीत म्हणाले, ‘‘ऐका. मी श्यामकांत देवस्थळी. सावलीला वजन नसतं. मी थट्टा केली होती. तुम्ही सगळे आपापल्या डॉक्टरांकडे जा, आजच जा.’’

लोक एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, संपलं. मग मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘सर परीक्षा घेतायत.’’

शंतनुने दोन्ही हात वर केले. त्याचा चेहरा उजळला होता. ‘‘ऐकलंत? गुरू आजही आपली परीक्षा घेतात! ज्याची श्रद्धा पक्की, तोच टिकेल!’’ आणि टाळ्या पडल्या. ती छातीत गाठ असलेली बाईसुद्धा टाळ्या वाजवत होती.

परतताना फेरीबोटीच्या कठड्यावरून काका हुगळीत ओकले. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी चूळ भरली, रुमालाने हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. ‘‘तो गठ्ठा,’’ ते म्हणाले, ‘‘आणि वर ती चष्म्यातून माझ्याकडे बघत होती, देवाकडे बघावं तशी. शी!’’

घरी आल्यावर त्यांनी सुईचं वाक्य सांगितलं, तेव्हा काकू ओट्याशी उभ्या होत्या. त्या तिथेच खाली बसल्या.

‘‘माझं वाक्य,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोळ्या लाटताना सुचलं होतं. अहो, त्या बाईंच्या घरी जा. इथे बसून किळस करून काय होणार?’’

मग आम्ही जात राहिलो. कादंबरीबाई एका छोट्याशा घरात एकट्या राहत. शेजारची एक बाई, जिला सगळे वहिनी म्हणत, जेवण आणून द्यायची. खाटेसमोर भिंतीवर जगाचा नकाशा. काका खुर्ची ओढून बसायचे आणि समजावायचे. सावली म्हणजे उजेड अडल्याची जागा, तिथे काही नसतंच, जे नाही त्याला वजन कुठून? बाई मन लावून ऐकायच्या. मान डोलवायच्या. शेवटी म्हणायच्या, ‘‘औषध कंपन्यांनी तुम्हाला फार छळलं असणार, सर. म्हणून तुम्हाला हे असं बोलावं लागतं.’’

मी काकांचा खुलासा फोनवर चित्रित करून सगळीकडे पाठवला. खाली लोकांनी लिहिलं: आचार्यांवर दबाव आहे. आचार्य विकले गेले. हे आचार्य नव्हेतच, तोतया आहे.

दरम्यान बाईंच्या पायाची बोटं काळी पडायला लागली. वहिनीने बोलावलेला डॉक्टर दारातच म्हणाला, आता उशीर केला तर पाय जाईल, आणखी उशीर केला तर बाई जातील. कादंबरीबाई हसल्या आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खोलीत बसवत नव्हतं. मी साडीचा पदर नाकाला लावला होता आणि त्याची मला लाज वाटत नव्हती.

काका बराच वेळ त्या नकाशाकडे बघत बसले. मग उठून उभे राहिले, कोटाचं बटण लावलं. त्यांचा चेहरा एकदम तसा झाला, त्या जुन्या मुलाखतीतल्यासारखा. एक सुरकुती हलेना.

‘‘कादंबरीदेवी,’’ ते म्हणाले, ‘‘छायाभार परिषदेचा अध्यक्ष म्हणून सांगतो. ऑपरेशनच्या खोलीत एक दिवा असतो. गोल, खूप बल्बांचा. त्याच्याखाली सावली पडत नाही. डॉक्टरांना विचारा. त्याखाली सुईलाही सावली नसते. तिथे सुई हलकी होते.’’

बाईंनी मान वळवली. डॉक्टर बिचारा दारात उभा. तो म्हणाला, ‘‘हो, असतो तसा दिवा. सावली पडत नाही, हे खरं आहे.’’

‘‘मग आधी का नाही सांगितलंत?’’ बाईंनी हात जोडले. ‘‘चला, घेऊन चला मला.’’

दोन बोटं आणि पावलाची कड काढावी लागली. पाय वाचला, बाई वाचल्या. वहिनी रडली, डॉक्टरने काकांचा हात हातात घेतला. काका हात सोडवून बाहेरच्या नळाशी गेले आणि साबण नव्हता तर मातीने हात घासत राहिले.

‘‘काका, अहो जीव वाचला,’’ मी म्हणाले.

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘शंतनुचाच धंदा करून वाचवला. किती सहज जमलं बघितलंत? आतून मला चक्क गोड वाटलं. त्याची घाण वाटतेय.’’

तिथेच ते थांबलं असतं तर बरं होतं. पण ही बातमी शंतनुपर्यंत पोहोचली. महिनाभरात केंद्राच्या हॉलमध्ये एक गोल, पुष्कळ बल्बांचा दिवा बसला. बोर्डावर नवी ओळ आली: ‘आचार्यांचं नवं संशोधन’. आता माणसांना त्या दिव्याखाली झोपवून, सावली नाहीशी झाली असं सांगून घरी पाठवायचे. दवाखाना त्यातून गाळलेला होता, जसा पूर्वी दुसरा तास गाळला होता.

काका पोलीस ठाण्यात गेले. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा आहे. इन्स्पेक्टरने फोनवर व्हिडिओ पाहिला आणि खुर्चीत मागे रेलला.

‘‘यात तर तुम्हीच बोलताय, मास्टरमोशाय.’’

‘‘मग आरोपी म्हणून पहिलं नाव माझं लिहा.’’

‘‘आणि फसवलं गेलंय कोण? कोणी माणूस तक्रार घेऊन आलाय? तुमच्या केंद्रातून तर सगळे खूश होऊन बाहेर पडतात.’’ त्याने फोन परत दिला. ‘‘ज्याचं नुकसान झालं त्याला आणा.’’

कोणी येईना. त्या गाठवाल्या बाईचा पत्ता काकांनी शोधून काढला. दाराला कुलूप होतं, आणि शेजारणीने नुसता आभाळाकडे हात केला. त्या दिवशी काका घरी येऊन जेवलेच नाहीत.

पाय थोडा भरल्यावर कादंबरीबाई कुबडी घेऊन वहिनीबरोबर आमच्या इमारतीत आल्या. हातात संदेश मिठाईचा डबा. ‘‘सर, तुमच्या शास्त्राने मी जगले,’’ त्या म्हणाल्या. काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

बोलल्या त्या शकुनकाकू. तोडक्यामोडक्या बंगालीत, पण एकही शब्द मऊ न करता. सुईचं वाक्य मी रचलं, इथे, या स्वयंपाकघरात. दिव्याचं यांनी रचलं, तुमच्या खाटेपाशी, तुम्ही दवाखान्यात जावं म्हणून. दिव्याखाली सावली पडत नाही हे खरं, पण त्याचा तुमच्या पायाशी काही संबंध नाही. तुम्हाला डॉक्टरने वाचवलं, इन्सुलिनने वाचवलं.

मला वाटलं, बाई पुन्हा तशाच हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

‘‘म्हणजे दोन्ही वेळा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एकदा टीव्हीवर आणि एकदा माझ्या घरात येऊन. दोन्ही वेळा तुम्ही मला मूर्ख समजलात.’’

‘‘मध्ये मी खरंही सांगितलं होतं, बाई,’’ काका म्हणाले. ‘‘रोज येऊन सांगत होतो.’’

‘‘सांगत होतात.’’ त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाल्या, ‘‘मी मुलींना वाऱ्यांच्या दिशा शिकवल्या, ग्रहणं शिकवली. चंद्राची सावली आणि पृथ्वीची सावली, चेंडू हातात धरून. मला स्वतःचीच किळस येतेय. पण तुमची जास्त येतेय.’’

संदेशचा डबा तिथेच ठेवून त्या कुबडी टेकत निघून गेल्या. जिन्यात त्यांना आधार द्यायला मी हात पुढे केला, तो त्यांनी झिडकारला.

आठवडाभराने इन्स्पेक्टरचा फोन आला. कादंबरी सान्याल यांनी तक्रार नोंदवली होती, शंतनु हालदार आणि श्यामकांत देवस्थळी या दोघांविरुद्ध. काका तसेच उठून ठाण्यावर गेले. त्यांनी सगळं कबूल केलं. मुलाखत, सिद्धांत, दिवा, काहीही न गाळता. इन्स्पेक्टर त्यांना एक वाक्य सौम्य करायला सुचवत होता. त्यांनी ऐकलं नाही. काकू म्हणाल्या, माझंही नाव घ्या, सुई माझी आहे. इन्स्पेक्टरने कपाळाला हात लावला.

केंद्राला टाळं लागलं. शंतनु जामिनावर सुटला आणि ऐकलं ते खरं असेल तर सिलिगुडीला पाण्याच्या स्मरणशक्तीवर काहीतरी करतो आहे. जुन्या केंद्रातली काही माणसं काकांच्या नावाने शिव्या घालतात, आचार्य फितूर झाले म्हणून. पाया मात्र आता कोणी पडत नाही.

खटला चालू आहे. तारखेला मी रजा टाकून काकांबरोबर जाते. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक, त्यावर एका टोकाला कादंबरीबाई आणि दुसऱ्या टोकाला काका. त्या त्यांच्याशी बोलत नाहीत. मी एकदा काकांना विचारलं, तुम्हाला राग नाही येत, जिचा जीव वाचवला तीच खटला भरते म्हणून?

‘‘राग?’’ ते म्हणाले. ‘‘या सगळ्या घाणीत तीच एक बाई अशी आहे की तिच्याकडे बघून मला मळमळत नाही.’’

मागच्या तारखेला फार उकडत होतं. बराच वेळ कोणी पुकारा करेना. बाईंनी समोर बघतच म्हटलं, ‘‘देवस्थळीबाबू, त्या शिपायाला पंखा लावायला सांगा.’’ काका उठले, शिपायाला शोधून आणलं आणि पंखा लावून घेतला. तो नुसताच कुरकुरत होता, वारा येत नव्हता.